बाई जिवंत आहेत

विनिता गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासायची आणि रविवारी स्कूटर काढून ओसाड इमारतींचे फोटो काढत फिरायची. बंद पडलेली भातगिरण, कौलं गेलेलं दुकान, कुणी न राहिलेला बंगला, काहीही तिला चालायचं. नियम दोनच. आतल्या वस्तूला हात लावायचा नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही.

इब्रामपूरच्या शाळेच्या बाबतीत तिने दुसरा नियम मोडला. एका खोलीची मराठी शाळा. मुलं तीनवर आली तेव्हा कुलूप लागलं, त्याला सहा वर्षं झाली होती. खिडकीच्या गजांतून बाकांवर पडलेलं ऊन तिने बाहेरूनच टिपलं. आतल्या भिंतीवर रंगाने लिहिलेलं होतं : मुख्याध्यापिका, यशोदा गावस. फोटो इतका चांगला आला की इंटरनेटवर टाकताना तिने खाली गावाचं नाव लिहिलं. गावची माणसं बघतील, खूश होतील, असं तिला वाटलं.

दोन महिन्यांनी चहाच्या सुट्टीत सोबत काम करणाऱ्या सोनमने मोबाइल पुढे केला. ‘‘ही तुझीच शाळा ना गो?’’

फोटो तिचाच होता, फक्त गडद करून टाकलेला. वर लाल अक्षरांत ‘शापित शाळा’. खाली मजकूर : या वर्गात बाईंनी पंख्याला गळफास घेतला, दिवस कलला की त्या अजून हजेरी घेतात. दर रविवारी पाच वाजता, हरमलच्या किनाऱ्यावरून सहल. तीन लाख लोकांनी पाहिलं होतं, आणि भिंतीवरचं नाव लख्ख वाचता येत होतं.

विनिताने त्या पानावर रागाने लिहिलं, हे खोटं आहे, काढून टाका. उत्तर आलं, ‘‘फोटो मस्त आहे ताई. खाली तुमचं नाव टाकू?’’ तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी ती इब्रामपूरला गेली. नाक्यावरच्या दुकानदाराने विचारलं, ‘‘भूत बघायला?’’

‘‘बाईंना भेटायला,’’ ती म्हणाली. त्याने मान खाली घालून घर दाखवलं.

यशोदाबाई ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. विनिताने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ‘‘तो फोटो माझा आहे, बाई. गावाचं नावही मीच लिहिलं. आता तीन लाख लोकांनी पाहिलंय.’’

बाईंचा हात थांबला. ‘‘माझ्या मुलीच्या सासरी फोन येतात. तुझी आई कशी गेली म्हणून विचारतात. तिने काय सांगायचं गो?’’ बाईंनी हात धुतले. ‘‘किती वाजता येतात ते?’’

‘‘पाचला.’’

‘‘चल तर.’’

शाळेचं कुलूप तोडलेलं होतं. बाक ढकललेले, टेबलावर मेणबत्त्यांचं मेण, भारताच्या नकाशावर कुणाकुणाची नावं. बाई नखाने मेण खरवडत राहिल्या. स्कूटरी आल्या तशा त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

सात पर्यटक होते. त्यांना आणणाऱ्या तरुणाचं नाव प्रथमेश; ‘शापित शाळा’चं पान त्याचंच. कोपऱ्यातल्या म्हातारीला त्याने गावातली कोणीतरी समजून सोडून दिलं आणि आवाज खाली आणून हिंदीत सांगू लागला. बाईंचं दुःख, बंद दार, पंखा. बाईंनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

मग विचारलं, ‘‘पंखा कुठला रे?’’

प्रथमेशने वर पाहिलं. पाठोपाठ सगळ्यांनी पाहिलं. नुसते वासे होते.

‘‘या शाळेत पंखा कधी नव्हता. चौदा वर्षं मी अर्ज केले. उन्हाळ्यात पोरं घामाने वह्या भिजवायची. तेव्हा तीन लाखांतला एक माणूस इथे फिरकला नाही. मी यशोदा गावस.’’

एक मुलगी पुटपुटत माफी मागून बाहेर गेली. दुसऱ्या एकाने हसत मोबाइल उचलला, तर विनिता त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ‘‘खाली करा.’’

प्रथमेश म्हणाला, ‘‘बाई, मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. आणि खरं सांगू? या शाळेला कोण विचारत होतं?’’

‘‘न विचारलेल्या माणसाला मारून टाकायचं?’’ बाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. ‘‘आता, इथे, माझ्यासमोर ते मोबाइलवरचं काढ.’’

त्याने काढलं. पण तोवर ती गोष्ट आणखी दहा पानांवर गेली होती.

विनिताने त्याच दिवशी शाळेच्या पायरीवर, उन्हात, बाईंचा फोटो घेतला. त्यांनी पदर नीट केला आणि ताठ उभ्या राहिल्या. घरी येऊन तिने बाईंच्या परवानगीने खाली खरं काय ते लिहिलं : पंखा नव्हता, अर्ज होते, बाई जिवंत आहेत. आठवड्यात दोनशे बारा माणसांनी पाहिलं. एकाने लिहिलं, ‘‘मागच्या खिडकीत कोण दिसतंय?’’ दुसऱ्याने विचारलं, ‘‘हेच का ते भूत?’’

विनिताच्या ताटातली आमटी निवून गेली होती. एकेकाला नावाने हाक मारून ती उत्तर लिहू लागली.