उलटी लव

बाबा जाऊन सव्वा महिना झाला तरी डावरीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, आणि त्याची काळजी तिच्यापेक्षा तिच्या आत्यालाच जास्त होती. आत्या रोज दुपारचं जेवण आटोपून हॅटच्या दुकानात यायची, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या एकुलत्या एका खुर्चीत ऐसपैस बसायची आणि तापायला ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी भाचीच्या तोंडाकडे बघत राहायची.

"रडून घे गं एकदाची. आत कोंडून काय उबवायचंय?"

"येत नाही, आत्या."

"येत नाही म्हणजे? रडू आहे ते, शिंक नाही."

डावरी खोटं बोलत नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपलाच आहे हे नुसतं माहीत असतं, तसं आपण दुःखात आहोत हे तिला माहीत होतं. ती वेळेवर उठत होती, वेळेवर दुकान उघडत होती, समोर येईल त्या हॅटची फीत बदलत होती. संग्रहालयाचा माणूस आला आणि म्हणाला, तुमचं दुकान आहे तसं उचलून आमच्याकडे एका दालनात मांडू, साचे, किटल्या, ब्रश, सगळं. तिनं 'न्या' म्हणून टाकलं. खिडकी लावून घेऊ का, असं कुणी विचारलं असतं तरी ती त्याच सुरात 'घ्या' म्हणाली असती. सोमवारी टेम्पो येणार होता. त्यानंतर या घरात हॅट बनायची नाही, कारण लाकडी साच्याशिवाय हॅट बनत नाही आणि असे साचे कोरणारा आता शोधून सापडत नाही.

एकच काम राहिलं होतं. दालनाच्या मधोमध काचेखाली दोन हॅट ठेवायच्या होत्या, एक आजोबांच्या हातची जुनी आणि एक आजची. दोन्हींच्या फेल्टमध्ये, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडात, फरक काय, ते शेजारी कार्डावर लिहायचं होतं. संग्रहालयवाला आज त्यासाठीच वही घेऊन आला होता. नवी हॅटही त्यानंच येताना बाजारातून आणली होती.

"लोकांना कळेल असं सांगा, ताई. जुनं चांगलं का आणि नवं वाईट का."

"अहो भाऊ, ते इथल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे," आत्या म्हणाली.

होतंच पाठ. नवी हॅट घालून कुणी दुकानात शिरलं की बाबांना स्फुरण चढायचं. ते ती हॅट जवळजवळ हिसकावूनच घ्यायचे. "ही कारखान्यातली. घाईघाईत अर्धंमुर्धं दाबलेलं फेल्ट, आणि वरून खळ पाजून ताठ केलंय. एकदा भिजली की कान पाडून बसेल." मग काठीनं खुंटीवरची आजोबांची हॅट खाली उतरायची. "आता हिचा काठ चिमटीत धरा. पातळ लागतो ना? तरी ताठ! खळीचा थेंब नाही. हे माझ्या वडिलांचं काम. असं काम आता होत नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं. बाबा हॅट पुन्हा खुंटीवर चढवायचे.

डावरी हे सगळं मागच्या खोलीतून ऐकायची. बावीस वर्षं ऐकत होती. 'आता होत नाही' यात आपणही आलो, हे समजायला तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

तिनं हॅट बनवलीच नव्हती असं नाही. एकोणिसाव्या वर्षी बनवली होती, एकच. कारखान्यातून आलेलं सशाच्या केसांचं कोरं फेल्ट तिनं घेतलं, गरम पाण्यात घालून त्यातली खळ काढली, आणि मग आठ दिवस ते पाण्यात बुडव, गुंडाळ, दाब, पुन्हा बुडव, असं करत बसली. तळहातांची सालं निघाली. फेल्ट आटत गेलं, घट्ट होत गेलं. साच्यावर चढवून तिनं ते पॉलिशपेपरनं घासलं आणि बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी हॅट उजेडात धरून गरागरा फिरवली. "लव उलटी बसलीये," ते म्हणाले.

डावरीला डावरी म्हणतात ते डाव्या हातावरूनच. हे नावही बाबांनीच ठेवलेलं. ओलसर फेल्ट घासताना वरची बारीक लव एका अंगाला झोपते ती कायमची. सगळे कारागीर उजव्या हातानं घासतात, त्यामुळे सगळ्या हॅटची लव एकाच अंगाला. हिची दुसऱ्या अंगाला. "गिऱ्हाइकानं ब्रश मारला की मांजरासारखी फुलेल ही. आठ दिवस फुकट घालवलेस. टाक भंगारात." तिनं ती मुकाट्यानं कात्रणांच्या पोत्यात टाकली. त्यानंतर ती फिती बदलत होती, चामड्याच्या पट्ट्या शिवत होती, डाग काढत होती, आणि गिऱ्हाइकांच्या हॅटना ब्रश मारत होती तो उजव्या हातानं. नवी हॅट बनव असं बाबा कधी म्हणाले नाहीत आणि तिनंही विषय काढला नाही. बाप-लेक दोघंही एकाच मातीचे, तोंडाला कुलूप!

तर आता तिनं आजोबांची हॅट खुंटीवरून काढली. तिच्या हातात ती पहिल्यांदाच येत होती. गिऱ्हाइकानं काठ चिमटीत धरला तर चाले, पण ब्रश मारायचा मान फक्त बाबांचा. रविवारी दुकान बंद असताना ते मागच्या खोलीत सगळ्यांकडे पाठ करून तेवढं एकच काम करायचे.

तिनं दोन्ही हॅट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. नवीनं तो बघता बघता पिऊन टाकला. जुनीवर थेंब तसाच बसून राहिला. मग किटलीची वाफ दिली. नवीतून खळीचा आंबूस वास आला आणि तिचा काठ ओल्या पुठ्ठ्यासारखा लोंबला. जुनी जागची हलली नाही.

"वा!" संग्रहालयवाला भराभर लिहीत म्हणाला. "म्हणजे डोळे मिटूनसुद्धा ओळखता येईल."

"येईल," डावरी म्हणाली. तिला त्याचंही काही वाटलं नाही. तिनं ब्रश घेतला आणि जुनी हॅट फिरवत वाफेनं उठलेली लव बसवायला लागली.

लव बसेना. ब्रश फिरेल तिथं ती आणखीच उभी राहायला लागली. वाफ जास्त झाली असेल म्हणून डावरी थोडं थांबली. पुन्हा ब्रश मारला. पुन्हा तेच. एव्हाना तिचं मनगट भरून आलं होतं, म्हणून तिनं काही विचार न करता ब्रश डाव्या हातात घेतला आणि हॅट उलट्या दिशेनं फिरवली.

लव निमूटपणे झोपली.

डावरी हॅटकडे बघत राहिली. मग तिनं ती उताणी केली आणि आतल्या चामड्याच्या पट्टीत बोट घातलं. पट्टी आजोबांचीच होती, त्यांचा ठसा होता तिच्यावर. पण टाके बाबांचे होते; असले तिरपे, घट्ट टाके दुसऱ्या कुणाचे नसत. तिनं कात्रीच्या टोकानं चार टाके उसवले आणि पट्टी उचलली. फेल्टवर शिसपेन्सिलीनं माप लिहिलेलं होतं. आकडे तळहाताच्या कडेनं पुसटले होते. डाव्या हातानं लिहिणाऱ्याचे पुसटतात तसे.

"आत्या, आजोबांच्या हॅटला कधी कसर लागली होती का?"

"लागली होती म्हणजे? चाळण झाली होती चाळण! तू एकोणीस वर्षांची, तापानं पडली होतीस बघ, त्या हिवाळ्यात. माझ्या भावानं घर डोक्यावर घेतलं होतं. आणि आठ दिवसांनी बघते तर हॅट खुंटीवर, ठणठणीत! म्हटलं, रफू केलंस का रे? तर म्हणे, झालं नीट, पोरीला काही बोलू नकोस."

"मग?"

"मग काय? नाही बोलले. पुढं विसरूनच गेले." आत्या सावरून बसली. "का गं? काय झालं?"

डावरीचं बोट अजून पट्टीखालीच होतं. तिला रविवारचे बाबा आठवत होते. पाठ केलेले, खांदा अवघडलेला. ब्रश त्यांच्या हातातून सारखा निसटायचा आणि खाली पडायचा. बाकी सगळं काम सुतासारखं सरळ करणाऱ्या माणसाला एवढा ब्रश कसा धरता येत नाही, वय झालं, असं ती मनाशी म्हणायची. वय कसलं! ते डाव्या हातानं ब्रश मारत होते. बावीस वर्षं, दर रविवारी.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पोत्यातून हॅट त्यांनीच काढली, पट्टी त्यांनीच शिवली, आणि मग दारात आलेल्या प्रत्येकाला ती दाखवून छाती फुगवली. जगभर सांगितलं. फक्त चार पावलं आत येऊन तिला सांगितलं नाही.

तिला आधी रागच आला, चांगला सणसणीत. मेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, ते म्हणणाऱ्यांचे बाप वेगळे असतील. एक शब्द बोलायला काय झालं होतं? 'बरी आहे' एवढं म्हटलं असतं तरी तिनं शंभर हॅट केल्या असत्या. राग पोटातून वर चढत गेला आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी चढलं. मुंग्या ओसरताना पाय दुखायला लागतो, तसं तिला सगळीकडे दुखायला लागलं.

संग्रहालयवाला वहीत डोकं घालून होता. "ताई, जुन्या हॅटखाली बनवणाऱ्याचं नाव म्हणून आजोबांचं लिहितो."

"जुनी हॅट नाही आमच्याकडे. ती कसरीनं खाल्ली."

"मग ही?"

"ही माझी."

त्यानं एकदा तिच्याकडे आणि एकदा आत्याकडे पाहिलं. आत्याचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि तसं ते फारदा विनाआवाज राहत नसे.

"पण मग फरक काय लिहायचा?" तो म्हणाला. "फेल्ट तर दोन्हींचं नवंच."

"एकीवर आठ दिवस घालवलेत, दुसरीवर आठ मिनिटं. तेवढाच फरक आहे. आणि टेम्पो नका पाठवू. साचे लागतील मला."

त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याचं अख्खं दालन हातचं गेलं होतं. तो वहीची पानं मागंपुढं करत राहिला. "निदान वडिलांचं ते वाक्य तरी घेऊ द्या. 'असं काम आता होत नाही.' फार छान आहे हो ते."

"खोटं आहे ते," डावरी म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण तिनं वाक्य पुरं केलं. "आणि त्यांना माहीत होतं. खोडा."

त्यानं खोडलं. आत्या खुर्चीतून उठायला लागली, तिला हातानंच बस म्हणून डावरीनं हॅट गुडघ्यावर घेतली. तिचे डोळे वाहत होते. तिनं ते पुसले नाहीत आणि कुणाकडे पाठही केली नाही. ब्रश डाव्या हातात धरून ती राहिलेली लव बसवायला लागली.