बिल्ला नंबर एक

लाजाहोमाची वेळ झाली, भटजींनी हात पुढे करून काडेपेटी मागितली आणि तीनशे वऱ्हाड्यांच्या खिशांतून एकही काडेपेटी निघाली नाही.

सगळ्या दारात नत्थुजींच्या पिशवीत होत्या. भटजींचीसुद्धा.

हे मंगल कार्यालय म्हणजे तेल्हाऱ्याची जुनी जिनिंग फॅक्टरी. एकतीस वर्षं चौकीदार नत्थुजींनी तिच्या दारातून कापसाजवळ काडी जाऊ दिली नव्हती. काडेपेटी घ्यायची, नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा. जाताना बिल्ला दिला की पेटी परत. मग मालकांच्या मुलाने, शेखरने, भिंती गुलाबी केल्या, यंत्रांच्या जागी सोफे मांडले, छपराच्या सागवानी तुळयांच्या कैच्यांना झुंबर टांगलं. आता झडती घ्यायची नाही, असं नत्थुजींना दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. भिंतीवरच्या 'विडी-काडीस सक्त मनाई' या जुन्या इशाऱ्यानेही ऐकलं नव्हतं. पहिल्याच लग्नात, नवरानवरीच्या बरोबर डोक्यावर, गुलाबी रंगातून 'सक्त मनाई' एवढं ठळक वर आलं होतं.

शेखर तरातरा दारात आला. "नत्थुजी, काहून इज्जत घालवून राह्यले? इथं आता जिनिंग नाई, लग्न हाय."

"लग्न खाली हाय, शेखरभाऊ. वरतं अजून जिनिंगच हाय."

"उद्यापासून येऊ नका तुमी."

उद्या सकाळी दुसरं कुठे जायचं असतं, हे नत्थुजींना ठाऊकच नव्हतं. शेखरने आपल्या सोनेरी लायटरने होम पेटवला. मालकाची झडती कधी घेतली नाही, तेवढी एकच चूक नत्थुजींच्या हातून झाली होती. ते उठले आणि वाळूची लाल बादली घेऊन भटजींच्या पाठीशी उभे राहिले. भटजींनी दोनदा वळून पाहिलं.

सातवं पाऊल पडलं, डीजेने दणका दिला, टिनाचं छप्पर थरथरलं, आणि कैच्यांवर वर्षानुवर्षं साचलेली कापसाची रुई बर्फासारखी भुरुभुरु खाली आली. मंडळी खूश. हे मशीन कुठे भाड्याने मिळतं, म्हणून नवरीच्या मावशीने चौकशीही केली. तेवढ्यात एक पुंजका होमावर उतरला, पेटला आणि नवरीच्या शालूकडे निघाला.

बादली रिकामी झाली. शालू वाचला. भटजींच्या तोंडात अर्धा मंत्र आणि अर्धी वाळू राहिली.

जेवणं उरकून वऱ्हाडी निघाले. नत्थुजी बिल्ले घेऊन पेट्या परत करत होते. रांगेत शेवटी शेखर. त्याच्याकडे बिल्ला नव्हता. त्याने लायटर काढून पिशवीत टाकला आणि हात पुढे करून तसाच उभा राहिला.

नत्थुजींनी बिल्ल्यांच्या डब्याच्या तळातून एक नंबरचा बिल्ला शोधला, बाहीला पुसला.

"सांभाळून ठेवजा, भाऊ. बिल्ल्याबिगर लायटर भेटत नाई."

शेखरने तो लायटरच्या रिकाम्या खिशात ठेवला.