आप्पांसाठी जुनंच चित्र

टेबलावर आडवे झाले तरी आप्पांच्या तोंडाला काही कुलूप लागेना. "डॉक्टरीणबाई, तुमच्या या यंत्रातलं चित्र साफ करणारा म्हणजे आमचा थोरला बरं का!"

"ठाऊक आहे, आप्पा. त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही," बाई हसल्या.

थोरला शिशाचा जड एप्रन घालून पडद्याशी उभा होता. मनगटातून सरकवलेली बारीक नळी आप्पांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पोचली होती. नळीच्या टोकातून निघणारा, कानाला न ऐकू येणारा आवाज आतल्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पडद्यावर तिचं गोल चित्र उमटतं. मूळ चित्र कसलं, नुसती वाळू सांडलेली! थोरल्याच्या प्रोग्रामनं ते लख्ख व्हायचं. लोकांनी टाळ्या पिटल्या, याची कॉलर ताठ झाली. पण त्या खरखरीबरोबर भिंतीला गेलेली केसाएवढी चीरही कधीकधी पुसली जाते, हे त्यानं चाचणीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बोलला का? छे! मिठाची गुळणी धरून बसला. पुढच्या सुधारणेत बघू म्हणे!

बाईंचा हात त्याच्या प्रोग्रामच्या बटणाकडे गेला मात्र. तो त्यांच्या कानाशी वाकला.

"मॅडम, आज जुनंच चित्र ठेवा ना."

"का हो?"

"बारीक चीर असली तर... नव्यात कधीकधी दिसत नाही."

बाईंचा हात तिथेच थांबला. "काल एका शिक्षिकेला याच चित्रावर मी घरी पाठवलंय. काही नाही, निर्धास्त राहा म्हणाले." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर थोरल्याला सोसलं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

आणि आप्पा? आप्पांचं तोंड बंद झालं होतं. कान शाबूत होते ना त्यांचे!

बाईंनी जुन्याच चित्रावर तपासलं. आप्पांच्या रक्तवाहिनीत चीर नव्हती. "आता बाहेर जाऊन त्या शिक्षिकेला फोन लावा," बाई थोरल्याला म्हणाल्या. "परत बोलवा. आणि का बोलावतोय, तेही तुम्हीच सांगा."

थोरला फोन कानाला लावून बाहेर उभा असताना आप्पांची ट्रॉली आली. ढकलणाऱ्या मामांनी कौतुकानं विचारलं, "आप्पा, हेच का तुमचे यंत्रवाले चिरंजीव?"

आप्पांनी मान भिंतीकडे वळवली.

"जरा पाणी मिळेल का?" ते म्हणाले.