सर्व एकोणतीस सदस्य

"सहलीतील सर्व एकोणतीस सदस्यांनी समुद्रकाठचा ऐतिहासिक धक्का, दीपगृह आणि जुने जकातघर पाहिले." अकोल्यातील एका इतिहासप्रेमी मंडळाच्या छापील अहवालातले हे वाक्य. वाक्य डौलदार आहे. सत्याशी त्याचा संबंध अठ्ठावीस माणसांपुरता आहे.

एकोणतिसाव्या सदस्य गोदाबाई. कोकणातल्या मासळीच्या वासात जेवण कसे जायचे, या चिंतेने आपली सुशिक्षित मंडळी स्वयंपाकीण घरूनच सोबत नेतात. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक हरिहर देव यांनी मात्र गोदाबाईंना शब्द दिला होता, "तुम्ही सदस्य म्हणून चला. स्वयंपाक सगळे मिळून करू. समुद्र मी स्वतः दाखवीन." त्या शब्दावर बाळापूरच्या लेकीकडचे बारसे सोडून त्या निघाल्या. धक्क्यापासून पाच मिनिटांवरच्या धर्मशाळेत दोन दिवस त्यांनी भाकरी थापल्या. खिडकीतून शेजारची भिंत दिसत असे.

अहवाल वाटला गेला, आणि आठवड्याने गोदाबाई तो हातात घेऊन मंडळाच्या बैठकीत आल्या.

"सर, हे तुमी लिवलं?"

"हो. यादीत तुमचंही नाव आहे," हरिहर प्रसन्नपणे म्हणाले.

"थेच तं! लेकीले मी सांगतलं होतं, बाई, मले शेगडीबिगर काई दिसलं नाई. तिनं हे वाचलं. म्हणते, नातीचं बारसं सोडून तू समुद्र पाह्याले गेली, अन् वरून खोटं बोलून राह्यली. चार दिस झाले, फोन उचलत नाई."

"अहो गोदाबाई, समुद्रात पाहण्यासारखं असतं काय?" देवीदास वकील हसले. "नुसतं पाणी. तुमच्या हातच्या बेसनाच्या पाटोड्या मिळतात का तिथं?"

"तं मंग तुमी कायले गेल्ते, वकीलसाहेब?"

वकील अहवालाची पाने चाळू लागले.

"छापलेलं आता बदलणार कसं?" हरिहर म्हणाले. "आणि 'सर्व' हा शब्द आपण ढोबळपणे वापरतोच."

सहलीला गेलेल्या निवृत्त शिक्षिका रमाताई उभ्या राहिल्या. "सर, धक्क्यावर तुम्ही पाऊण तास बोललात. हे दगड वाहणाऱ्यांची नावं इतिहासानं का लिहिली नाहीत, हा तुमचा विषय. मी टाळ्या वाजवल्या आणि परत येऊन गोदाबाईंची गरम भाकरी खाल्ली. त्यांना बोलवावं, असं मलाही सुचलं नाही. पण तुमच्या त्या ढोबळ शब्दानं एक आई लेकीपुढे खोटी ठरली आहे."

"समुद्र राहू द्या," गोदाबाई म्हणाल्या. "खरं तेवढं लिवा."

वाचकहो, सहलीत, सणात, लग्नकार्यात ज्यांना आपण 'घरचेच' म्हणतो, त्यांच्या वाट्याला आनंद आला की केवळ काम, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. माणसाला राबवून घेणे हा अन्याय. राबलेल्याला आनंदाचा भागीदार म्हणून नोंदवणे हा त्याहून सुसंस्कृत अन्याय. तो सुशिक्षितांनाच जमतो.

हरिहरांनी मंडळाचा कोरा कागद ओढला, शुद्धिपत्र लिहिले आणि उभे राहून वाचून दाखवले. त्याची पहिली प्रत बाळापूरला गेली. मजकूर असा :

"गोदाबाईंनी समुद्र पाहिला नाही. दाखवण्याचा शब्द मी दिला होता आणि मीच मोडला. मी धक्क्यावर बोलत असताना त्या स्वयंपाकघरात आहेत, हे मला माहीत होते. त्यांनी लेकीला सांगितले ते खरे आहे. खोटे मी लिहिले."