पट्टीने ओढलेली रेघ

चंपतच्या कुऱ्हाडीच्या पहिल्या घावाने फाटकाची कडी तुटली आणि दुसऱ्याने फळी फुटून अंगणात पडली. कामरगावाहून रिठदपर्यंत भाड्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ती कुऱ्हाड त्याने मांडीवरच ठेवली होती.

"पवन्या, बाहीर नीघ! काहून फेकल्या रे माह्या बहिणीच्या गोळ्या?"

पवन पहार घेऊन ओसरीवरून उतरला. "आला का साळेबुवा? ने तिले. दोन वर्सात किडनी खलास हाय, मंग गोळ्या कायले? इचार माह्या बापाले. त्यायनंच काढलं गणित!"

मारोतराव ओसरीवर खिळून उभे राहिले. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी पस्तीस वर्षे पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळले होते. बेअरिंगची झीज मोजायची, आलेखावर बिंदू मांडायचे, पट्टी लावून रेघ पुढे न्यायची आणि पंप कोणत्या महिन्यात बंद पडेल ते सांगायचे. अंदाज क्वचितच चुकत असे. सून वर्षाराणीच्या शरीराची संरक्षणव्यवस्थाच मूत्रपिंडांच्या गाळणीवर उलटल्याचे निदान झाले, तेव्हा मूत्रपिंडे थकली की रक्तात वाढणाऱ्या क्रिएटिनिनचे तिचे पाच बिंदू त्यांनी तसेच मांडले. रेघ दोन वर्षांनी डायलिसिसला जाऊन टेकली. कागद भिंतीला लागला. चार दिवसांपूर्वी पवनने तो पाहिला, गोळ्या विहिरीत फेकल्या आणि बहिणीला घेऊन जा म्हणून चंपतला फोन केला.

पहार चंपतच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. तो एका गुडघ्यावर कोसळला, पण कोसळतानाच त्याने कुऱ्हाड फिरवली. पवनचा खांदा उघडा पडला. रक्त सदऱ्यातून कोपरापर्यंत उतरले, तरी त्याने पहार पुन्हा डोक्यावर उचलली.

"मारा, मारा!" वर्षाराणी खांबाला धरून उभी राहिली. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. "तुमी दोघं मारून राह्यले, अन् मी इथं मरून राह्यली! गोळ्या एकदम बंद करू नोका म्हणे डॉक्टर. मले अकोल्याले न्या कोनीतरी!"

कोणी ऐकले नाही. चंपतने कुऱ्हाड पवनच्या पोटाकडे रोखून मागे खेचली. मारोतराव मध्ये शिरले. पाते त्यांनी उजव्या मुठीत धरले आणि पुढच्या क्षणी त्यांची दोन बोटे धुळीत पडली.

दोघेही थिजले. पहार पवनच्या हातून आपोआप सुटली.

वर्षाराणीने पदर फाडून सासऱ्यांचा हात आवळला आणि कमरेचा घडी केलेला कागद त्यांच्यापुढे धरला. "गोळ्या फेकायच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट हाय, मामाजी. दाखवाले आली, तं तुमी म्हणले, रेघ काढून झाली."

लघवीतून दिवसाला जाणारे प्रथिन साडेतीन ग्रॅमवरून एकावर आले होते. क्रिएटिनिन होते तिथेच थांबले होते. पुढची वर्षे प्रथिनावरून ओळखायची, ते उतरले तर मूत्रपिंडे टिकतात, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. परंतु तो आकडा त्यांच्या मापात बसेना, म्हणून मारोतरावांनी वगळला होता. त्यांचे पाचही बिंदू गोळ्या सुरू होण्याआधीचे होते. झिजलेले बेअरिंग पुन्हा भरून येत नाही, एवढेच ते आयुष्यभर शिकले होते.

"पवन," ते म्हणाले, "चूक माही हाय. पन गोळ्या तुह्या हातानं गेल्या."

"बाबा, मले काय मालूम..."

"जीपीत बसव त्याले."

पवनने धडक्या हाताचा आधार देत चंपतला जीपमध्ये बसवले. स्वतः चढू लागला, तेव्हा वर्षाराणीने दार ओढून घेतले.

"तुमी नाई. तुमी रिसोडले जाऊन टाके घालून घ्या. मी अकोल्याहून कामरगावले जाईन. गोळ्या तिथंच खाईन."

तो रक्ताळलेला खांदा धरून फुटक्या फाटकाशी उभा राहिला. ड्रायव्हरने जीप अकोल्याच्या रस्त्याला लावली. मारोतरावांचा हात वर्षाराणीने आपल्या खांद्यावर उंच धरून ठेवला होता, रक्त तिच्या पाठीवरून ओघळत होते.

"पुढचा रिपोर्ट पाठवशीन का मले?" त्यांनी विचारले.

तिने त्यांच्या हातावरची पदराची गाठ पुन्हा आवळली.

"पाठवीन. ठिपका द्या, मामाजी. पट्टी नोका लावू."