मला फरशीवर अंथरा

मी एक जुनी व्यायामाची चटई आहे. एकेकाळी निळी होते. आता माझा रंग कोणता, ते मलाच सांगता येत नाही. सर्बियातल्या एका डोंगराळ गावी, रातोमिर आजोबांच्या घरी मी राहते.

मित्रांनो, देसांका आजी गेल्या आणि आजोबा चुलीशेजारच्या पलंगावरून उठेनासेच झाले. कंबर आधीपासून दुखत होती, ती आता पार आखडली. गावची दफनभूमी टेकडीवर आहे. शरद ऋतूत आजींना जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्या दिवशी तिथं प्रार्थना होती.

"मला तिच्याकडे माझ्या पायांनी जायचंय," एवढंच ते नेवेनाताईंना म्हणाले.

नेवेनाताई दवाखान्यात व्यायाम शिकवतात. त्यांनीच मला आणलं. "फरशीवर अंथरा. गुडघे दुमडून कंबर उचला. रोज थोडं चाला. थोडं दुखलं म्हणजे काही मोडलं असं नाही. पडून राहाल तर जास्त दुखेल."

त्या गेल्या आणि शेजारच्या स्तामेन्काबाई आल्या. "फरशीवर? अहो शेजारी, किडन्या गारठवायच्यात का? आणि ती खिडकी लावा आधी, वाऱ्याचा झोत येतोय! देसांका असती तर तिनंही हेच सांगितलं असतं." गार फरशी आणि वाऱ्याचा झोत, आमच्या गावात सगळ्या दुखण्यांचं मूळ हेच मानतात.

आजींचं नाव निघालं की आजोबा काहीही मान्य करायचे. मला पलंगावर अंथरलं. पलंगावर! कंबर उचलायला जावं, तर स्प्रिंगा खाली ओढायच्या. कंबरेला लोकरीचा पट्टा, त्याखाली आलुबुखाऱ्याच्या दारूत भिजवलेलं फडकं. शेवटी आजोबाच म्हणाले, "व्यायामाचा काही उपयोग नाही." मग माझी रवानगी पडवीत झाली, लाल मिरच्यांच्या खोक्यांखाली. मी ओरडून सांगत होते, की मी पोतं नाही! चटईचं कोण ऐकतं?

मिरच्या भाजायच्या दिवसांत नेवेनाताई आल्या.

"चटई कुठंय?"

"मिरच्यांखाली."

"आणि तुम्ही पलंगावर. छान! म्हणजे व्यायाम मिरच्यांनी केला."

त्यांनी मला झटकलं, फरशीवर टाकलं आणि स्वतःच आडव्या झाल्या. "बघा, माझ्या किडन्या शाबूत आहेत."

"तरुण आहेस पोरी, पन्नाशीनंतर कळेल," दारातून डोकावत स्तामेन्काबाई म्हणाल्या.

"मी बावन्नची आहे, मावशी."

त्या दिवसापासून आजोबा माझ्यावर कण्हू लागले. कधी दुखणं वाढायचं, कधी कंटाळा यायचा, मला शिव्या बसायच्या. तरी आधी बेकरीपर्यंत, मग पुलापर्यंत चालणं सुरू झालं.

प्रार्थनेच्या दिवशी मला काखेत मारून ते टेकडी चढले. थांबत, धापा टाकत, पण आपल्या पायांनी. ओल्या गवतावर मला अंथरून ते गुडघ्यांवर बसले आणि वाकून मेणबत्ती लावली.

"शेजारी, गुडघे गारठतील!" मागून आवाज आला.

"गारठू देत," आजोबा म्हणाले आणि मेणबत्तीभोवती हात धरून बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी असेल, तर तिला फरशीवर अंथरा. आणि ज्यांची कंबर दुखते त्यांना नुसतं पांघरूण घालू नका. हात द्या, उठवा. त्यांना कुठेतरी जायचं असतं.