सुकेळी, दृष्ट आणि निळी ताडपत्री

प्रेमलताबाई पडल्या त्या स्वतःच्याच ताडपत्रीपायी. आगाशीच्या वाडीत, त्यांच्या आणि धाकट्या दिराच्या घरामधल्या कुंपणावर त्यांनी पुरुषभर उंच निळी ताडपत्री बांधली होती. तिचं एक टोक वाऱ्याने सुटलं. ते बांधायला बाई स्टुलावर चढल्या, स्टूल कलंडलं आणि उजवं मनगट मोडलं. वय अठ्ठावन्न, लेकीचं लग्न बारा दिवसांवर आणि हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

लग्नाचं काही अडलं नव्हतं. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. अडलं होतं सुकेळ्यांचं. या घरातली मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्या रुखवतात घरच्या बाईच्या हातची सुकेळी असतात, ही सासूबाईंच्याही आधीची रीत. पिकलेली राजेळी केळी सोलायची आणि मांडवावर, म्हणजे अंगणातल्या बांबूच्या माचावर, कडक उन्हात वाळवायची. रोज संध्याकाळी एकेक केळं हातात घेऊन हलकेच दाबायचं, उलटायचं, सुक्या पानांत झाकून ठेवायचं आणि सकाळी परत उन्हात. दाब कमी पडला तर आत ओल राहते, जास्त पडला तर लगदा होतो. हे कुणाला सांगून येत नाही, हातालाच यावं लागतं. इकडे दीडशे केळी पिवळीधमक होऊन बसली होती आणि पिकलेलं केळं कुणाच्या मनगटासाठी थांबत नाही.

अख्ख्या भावकीत हे काम आता दोघींनाच येत होतं. एक प्रेमलताबाई आणि दुसरी कुंपणापलीकडची धाकटी जाऊ, मीरा. आणि या दोघींचं आठ वर्षं बोलणं नव्हतं.

तसं भांडण झालंच नव्हतं. दीर-जाऊ पूर्वी नायगावला राहायचे. सासूबाई गेल्या, वाटण्या झाल्या, तेव्हा ती दोघं वाडीत आली. मीरा रोज संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून प्रेमलताबाईंच्या मांडवाकडे टक लावून बघायची. त्याच मोसमात तिने आपल्याकडे मांडव घातला आणि सहा दिवसांत मधाच्या रंगाची सुकेळी काढली. प्रेमलताबाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी आधी लिंबू-मिरची बांधली, मग पांढरे डोळे काढलेलं काळं मडकं टांगलं, आणि शेवटी ताडपत्री. तरी त्या वर्षापासून त्यांच्या सुकेळ्यांना आठ-आठ दिवस लागू लागले. म्हणजे दृष्ट लागलीच होती, ताडपत्रीला उशीर झाला, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत.

त्या दिवशी संध्याकाळी अक्षया, म्हणजे नवरी मुलगी, ओटीवर पेपर तपासत बसली होती. ती आचोळ्याच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. लग्न तोंडावर आलं तरी पेपर काही सुटत नव्हते.

"एन्व्ही आणि जेलसी यांतला फरक विचारला होता," ती वैतागून म्हणाली, "तर चाळीस जणांनी दोन्हीकडे 'जळणं' लिहिलंय."

"बरोबरच आहे की. ती मीरा जळते, त्याला दोन शब्द कशाला लागतात?"

"आई, दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही म्हणून जीव तुटतो ना, ती एन्व्ही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी वाकड्या नजरेने बघणं."

"म्हणजे दृष्ट. हे आम्हाला लॅटिनशिवाय कळतं."

"जेलसी त्याच्या उलट. वस्तू आपलीच असते, पण ती कुणी नेईल या धास्तीने आपण राखण करत बसतो. मूळ शब्द ग्रीक, त्याचा अर्थ आच, तळमळ. फ्रेंच लोकांनी तर त्यावरून एका खिडकीला नाव दिलं. पट्ट्यापट्ट्यांची असते बघ, आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आपलं झाकायला माणूस काय काय बांधतो."

अक्षया हे पेपरातून मान वर न काढता बोलली. प्रेमलताबाईंची नजर मात्र सरळ ताडपत्रीवर गेली. "रिकामटेकडे दिसतात तुझे फ्रेंच लोक," असं म्हणून त्या आत गेल्या.

आत गेल्या, पण मन काही आत येईना. मीराकडे सहा दिवसांत होणारी सुकेळी होती. ती कशाला वाकड्या नजरेने बघेल? भ्यायलं कोण होतं मग? सासूबाईंनंतर लोक म्हणायचे, सुकेळी खावीत तर प्रेमलताची. उद्या कुणी 'मीराची' म्हणालं तर, हीच ती धास्ती. बाईंना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली म्हणून लगेच उठून जायला त्या काही संत नव्हत्या.

सकाळी त्यांनी डाव्या हाताने एक केळं दाबून बघितलं. ते बोटांच्या फटींतून बाहेर आलं. मग नवऱ्याला, दिवाकररावांना बसवलं. त्यांनी मनापासून दाबलेल्या चार केळ्यांचं शिकरणच झालं. पाचव्या केळ्याला हात घालायच्या आत प्रेमलताबाई उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि पलीकडच्या फाटकातून आत शिरल्या.

मीरा अंगण झाडत होती.

"मीरा, माझा हात मोडलाय. अक्षयाची सुकेळी करशील?"

एवढंच बोलता आलं, आणि तेही एका दमात.  मीराने झाडू भिंतीला लावला.

"केळी सोललीत का, वहिनी?"

"नाही अजून."

"मग उभ्या काय राहिलात? ऊन वर आलंय."

दुपारपर्यंत केळी मांडवावर पसरून झाली. तीनच्या सुमाराला मीरा मांडवाशी आली आणि थबकली. अर्ध्याहून अधिक केळी सावलीत होती.

"वहिनी, हे ऊन कुठे गेलं?"

ऊन ताडपत्रीपलीकडे होतं. कुंपण पश्चिमेला, ताडपत्री पुरुषभर उंच, आणि प्रेमलताबाईंची दुपारची डुलकी नेमकी याच वेळेची. आठ वर्षं त्या स्वतःच्याच मांडवावर सावली धरून बसल्या होत्या. दिवाकरराव ही सावली आठही वर्षं बघत आले होते. त्यांना आता अचानक विहिरीकडे काहीतरी काम आठवलं.

"आधी तो कोयता आणा," प्रेमलताबाईंनी त्यांना मागूनच पकडलं, "आणि दोऱ्या कापा."

संध्याकाळी मीरा एकेक केळं दाबत होती आणि प्रेमलताबाई नुसत्या तोंडाने शिकवत होत्या. अंगठा आडवा धर. देठाकडून ये.

"मी बघायचे, हे खरंय," मीरा मान खाली घालून म्हणाली. "पण केळी नाही, तुमचा हात बघायचे. सासूबाईंनी तुम्हाला शेजारी बसवून शिकवलं. मी वाडीत आले तेव्हा त्या नव्हत्या. फार वाटायचं, वहिनी, की मलाही कुणी असं बसवावं."

प्रेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं ते बघणं आणि माझं हे झाकणं, दोन्हींना इंग्रजीत वेगवेगळी नावं आहेत म्हणे. अक्षया सांगत होती. दोघींच्या वाट्याला एकेक आलंय."

"चला, म्हणजे ही तरी वाटणी बरोबर झाली," मीरा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की दोन केळी लगदा झाली.

सुकेळी सहा दिवसांत झाली.

लग्नात रुखवताभोवती बायकांची ही गर्दी. मुलाच्या आत्याने एक सुकेळं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि विचारलं, "ही कुणाच्या हातची?"

याच प्रश्नासाठी प्रेमलताबाईंनी आठ वर्षं राखण केली होती. मीरा पाहुण्यांसाठी पेढ्यांचं ताट घेऊन मागेच उभी होती. ती हळूच बाजूला सरकू लागली. प्रेमलताबाईंनी धडक्या हाताने तिचा दंड धरून तिला पुढे ओढलं.

"ही माझी जाऊ, मीरा. हिच्या हातची," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंचा हात आलाय हिला."

मीराने आधी ताट खाली ठेवलं. मग वाकून वहिनींच्या पायांना हात लावला.